प्रत्यारोपणाच्या फोनची वाट पाहताना आईजवळ कसं राहायचं

त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंनी विचारलंय. आई ६६ वर्षांची, ग्रीन कार्डावर मुलाकडे ओहायोत राहते. फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस झाला, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललंय, पोटात पाणी होतं, मधूनमधून गुंगी येते. तिथल्या रुग्णालयाने लिव्हरच्या प्रतीक्षा यादीत नाव घातलंय, मेल्ड स्कोअर २२ आहे. भाऊ-वहिनी दोघंही नोकरी करतात आणि रुग्णालय म्हणतं, सांभाळणारं आणखी एक माणूस दाखवा. ताईंकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे, मुलगा दहावीला आहे. जावं कधी, राहावं किती, तिथे नेमकं करावं काय? शिवाय नातेवाईक म्हणतात, आईला नागपुरातच आणा, लेकीने लिव्हर दिलं की झालं.

ताई, मी नागपुरात पंधरा वर्षं प्रत्यारोपण समन्वयकाचं काम करते. २०१९ मध्ये माझे बाबा माझ्या भावाकडे अमेरिकेत लिव्हरच्या यादीवर होते, तेव्हा मी त्यांच्याजवळ पावणेसहा महिने राहिले. इथे शेकडो घरांना मीच समजावते, तरी तिथे गेल्यावर बऱ्याच गोष्टी मला नव्याने शिकाव्या लागल्या. म्हणून दोन्हीकडचं सांगते.

आधी यादीचं. आपल्या डोक्यात रेशनच्या दुकानासारखी रांग असते: आज सत्तरावा नंबर, महिन्याने चाळिसावा, मग आपली पाळी. लिव्हरचं तसं नसतं. जो जास्त आजारी त्याला आधी, असा हिशेब असतो आणि तो आजार मोजायला मेल्ड स्कोअर, ६ ते ४० पर्यंतचा. अमेरिकेत हा स्कोअर २००२ पासून वापरतात. जुलै २०२३ पासून त्याची नवी आवृत्ती आहे, ती रक्तातल्या पाच आकड्यांवरून काढतात: बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम आणि अल्ब्युमिन. बायकांवर जुन्या सूत्रात अन्याय होत होता म्हणून त्यांना आता १.३३ गुण जास्तीचे मिळतात. तुमच्या आईच्या २२ मध्ये ते धरलेले असतील. त्यावर रक्तगट, शरीराची चण, दात्याच्या रुग्णालयापासूनचं अंतर. म्हणून ‘आमचा कितवा नंबर’ हे समन्वयकाला विचारू नका, त्याला खरं उत्तर नसतं. विचारायचं ते असं: आईच्या रक्तगटाच्या आणि या स्कोअरच्या पेशंटना तुमच्या केंद्रात साधारण किती काळ थांबावं लागतं? अमेरिकेत प्रत्येक केंद्राची आकडेवारी सरकारी व्यवस्थेतून जाहीर होते, भावाला ती बघायला सांगा.

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं. तिथे तुमचं काम वाट बघण्याचं नाही, तर ज्या दिवशी फोन येईल त्या दिवशी आई ऑपरेशन झेपेल अशा अवस्थेत असावी, हे बघण्याचं आहे. यादीवर नाव असूनही फोन न येणारे किंवा येऊन परत पाठवलेले पेशंट मी पाहिलेत. कारणं साधी असतात: ताप लपवला, वजन उतरलं, रक्ततपासणीची तारीख चुकली.

तपासणीची तारीख चुकली की काय होतं ते सांगते. २५ किंवा त्याहून वर स्कोअर असेल तर रक्ताचे आकडे दर ७ दिवसांनी नव्याने द्यावे लागतात. १९ ते २४ मध्ये दर महिन्याला, ११ ते १८ मध्ये दर तीन महिन्यांनी. मुदतीत दिले नाहीत तर संगणक पेशंटला खालच्या स्कोअरवर नेऊन ठेवतो. आमचं असंच झालं. बाबांची तारीख बर्फाच्या वादळात हुकली, रुग्णालयाकडून आठवण करणारा फोन आला नाही, मीही समजत राहिले की ते बघतील. सहा दिवस बाबा यादीत खाली होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. तेव्हापासून कॅलेंडर मी माझ्या हातात घेतलं. तुम्हीही घ्या. रुग्णालय कितीही मोठं असलं तरी तारीख घरातल्या माणसाने सांभाळायची. आणखी एक शब्द कानावर ठेवा: ‘इनॅक्टिव्ह’. संसर्ग झाला, प्रवासाला गेलं, विम्याचा घोळ झाला की नाव यादीत राहतं, पण लिव्हरसाठी बोलावणं येत नाही. दर भेटीत विचारा, आई आज ॲक्टिव्ह आहे ना? आणि या काळात भाचीच्या लग्नासाठी आईला भारतात आणायचा विषयसुद्धा काढू नका.

मग जेवण. इथे आपल्या घरांत सर्वांत जास्त चुका होतात. पोटात पाणी असलं की मीठ कमी करायला सांगतात, साधारण दोन ग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसभराचं मिळून चहाचा सपाट चमचाभर मीठ. आई म्हणेल, मी वरून मीठ घेतच नाही. पण पापड, लोणचं, सांडगे, शेव, ब्रेड हे सगळं मीठच, आणि पापडखार नि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं. सैंधव घेतलं तर चालतं, हा गैरसमज आहे, तेही मीठच. आणि ‘लो-सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम असतं. पोटातल्या पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते धोक्याचं, ते पाकीट सोबत नेऊच नका. चवीसाठी लिंबू, आमसूल, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, लसूण वापरा. आमच्या बाबांना सावजी रश्श्याची सवय, दोन आठवडे ते ताटाकडे बघून गप्प बसायचे. मग मी बिनमिठाच्या वरणावर लसणाची खमंग फोडणी आणि वर लिंबू असं सुरू केलं, तेव्हा कुठे घास उतरायला लागला.

दुसरी चूक उलट बाजूची. लिव्हरचा पेशंट म्हणून डाळ बंद, दूध बंद, नुसती पेज आणि उकडलेला दुधी. हा जुना समज आहे. सिरॉसिसमध्ये दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईचं वजन ५५ किलो असेल तर दिवसाला ६६ ते ८२ ग्रॅम. वरण, मूग, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, हे दिवसभरात सहा वेळा विभागून द्या. रात्री झोपताना काहीतरी खायला हवंच. आजारी लिव्हर साखर साठवू शकत नाही, म्हणून एका रात्रीचा उपास त्या शरीराला दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा पडतो आणि ते स्वतःचे स्नायू खायला लागतं. तुमच्या आई संकष्टी, एकादशी धरत असतील तर आताच बोला. माझ्या अनुभवात मुलीचं ऐकत नाहीत, पण गुरुजींनी किंवा घरातल्या मोठ्या जाऊबाईंनी ‘आजारपणात उपास माफ असतो’ म्हटलं की ऐकतात. तसा एक फोन लावून द्या.

स्नायूंचं एवढं कौतुक का? कारण तिथे ते मोजतात. हाताची पकड किती, हात न टेकवता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो, तोल राहतो का. हे आकडे फार खाली गेले तर ऑपरेशनचा धोका वाढतो आणि टीम विचार करायला लागते. म्हणून जेवायच्या टेबलाजवळ रोज पाच वेळा खुर्चीतून उठणं, दोनदा. आणि चालणं. थंडीत बाहेर जाता येणार नाही, तर भावाला सांगा, मॉलमध्ये सोडून दे. तिथे अनेक म्हातारी माणसं सकाळी मॉलमध्येच फेऱ्या मारतात.

आता गुंगीबद्दल, कारण हे तुम्हालाच सगळ्यात आधी कळणार आहे. लिव्हर साफ करू शकत नाही ती घाण रक्तातून मेंदूवर चढते. दिवसा झोप, रात्री जाग, हाताचा पंजा पुढे धरला की फडफडतो, बोलणं तुटक होतं. लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध त्यासाठीच असतं, आणि डोस शौचावर ठरवायचा: दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच. आई लाजेने सांगणार नाही, ‘झाली हो’ म्हणेल. विचारा, मोजा, लिहा.

मी बाबांना रोज सकाळी चहानंतर रेघांच्या वहीत एक ओळ लिहायला लावायची: ‘सीताबर्डी, नागपूर’ आणि खाली सही. त्यांचं अक्षर पोस्टात पस्तीस वर्षं घासलेलं, मोत्यासारखं. फेब्रुवारीत एका सकाळी ओळ रेघ सोडून खाली घसरली होती आणि रफार ‘ड’वर न पडता ‘ब’वर पडला होता. बोलत होते अगदी नीट, मला माझ्या मुलीचा अभ्यास विचारत होते. मी वहीचा फोटो काढून समन्वयकाला पाठवला. दुपारपर्यंत आम्ही इमर्जन्सीत होतो. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग सुरू झाला होता, वेळेत अँटिबायोटिक मिळालं. तुमच्या आईलाही रोज एक ओळ लिहू द्या, ज्यात जोडाक्षर आणि रफार आहे अशी. त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव चालेल.

ताप, काळं शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, एकदम वाढलेली गुंगी. यातलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ नाही. अंगदुखीवर बॅगेतली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकची गोळी द्यायची नाही, किडनी जाते. झोपेची गोळी नाही. काढे, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल नाहीत. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी नोंदवले आहेत, आणि हळदीच्या गोळ्यांबाबत अमेरिकेतही तशा नोंदी आहेत. मला आयुर्वेदाबद्दल आदर आहे, पण या शरीरावर आता प्रयोग नको. नातेवाईक प्रेमाने डबे पाठवतील, ते घ्या आणि बाजूला ठेवा.

रुग्णालयात बोलताना एक गोष्ट जड जाते. आपण आजार पेशंटपासून झाकतो, तिथले डॉक्टर थेट पेशंटच्या डोळ्यांत बघून बोलतात. धोका किती, ऑपरेशन झालं नाही तर काय, कुठल्या दात्याचं लिव्हर घ्यायला तयार आहात. तुम्ही मध्ये पडून गोड भाषांतर करू नका. दुभाषी मागा, मोफत मिळतो, मराठीही फोनवर मिळतो. आणि दुभाष्याला आधीच सांगा की पुस्तकी शब्द नकोत. आमच्याकडे दुभाषी बाई ‘यकृत प्रत्यारोपण’ म्हणाल्या, बाबा मान डोलावत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ते यकृताचं राहू दे, लिव्हरचं काय म्हणाले ते सांग.

दात्याचा प्रश्न रात्री दोनला फोनवर ठरवायचा नसतो. हृदय थांबल्यानंतर काढलेलं लिव्हर चालेल का, हेपटायटिस सी असलेल्या दात्याचं चालेल का (त्यावर आता गोळ्यांनी बरं करणारे उपचार आहेत), वयस्कर दात्याचं चालेल का, हे टीम आधीच विचारते. भाऊ, तुम्ही, आई एकत्र बसून डॉक्टरांकडून समजून घ्या आणि आईचं उत्तर आईच्या तोंडून येऊ द्या. त्याच आठवड्यात, डोकं स्वच्छ असताना, तिच्या वतीने वैद्यकीय निर्णय कोण घेणार याच्या कागदावर सही करून घ्या. गुंगीत घेतलेल्या सहीला अर्थ राहत नाही.

फोनबद्दल. तिथे जाहिरातींचे इतके फोन येतात की अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. या काळात प्रत्येक नंबर उचलायचा. तुमचा, भावाचा, वहिनीचा, असे तीन नंबर केंद्राकडे द्या, व्हॉइसमेल रिकामा ठेवा. उत्तर मिळालं नाही तर लिव्हर पुढच्या पेशंटकडे जातं. आम्हाला पहिला फोन रात्री २ वाजून ४० मिनिटांनी आला. बाबांनी स्वतः बॅग उचलली. पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणून मी त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत बसले. सकाळी नऊला सर्जन आले: दात्याच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त निघाली, घेत नाही. अकराला आम्ही घरी. बाबांनी स्वयंपाकघरात खुर्ची ओढली आणि वरणभात मागितला. मी फोडणी देताना रडले, ते पाठमोरे होते की नाही ते आठवत नाही. असं एकदा तरी होईल असं धरून चाला. आईलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तिला वाटणार नाही की आपल्यातच काही खोट होती. आमचा दुसरा फोन त्यानंतर पाच आठवड्यांनी, भरदुपारी आला आणि त्या दिवशी ऑपरेशन झालं.

आता तुमच्या मुक्कामाचा हिशेब. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. उतरल्यावर लगेच ऑनलाइन आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, काढून मुक्कामाची शेवटची तारीख बघा. वाढवायचं असेल तर आय-५३९ अर्ज मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी, रुग्णालयाचं पत्र जोडून. एक दिवसही जास्त राहू नका, पुढे आईला भेटायला जाणं अवघड होईल. येण्याआधी केंद्राकडून एक पत्र मागवा: पेशंट यादीवर आहे, मुलगी सांभाळणारी म्हणून लागणार आहे. ते विमानतळावरही उपयोगी पडतं आणि तुमच्या ऑफिसातही.

खरी गरज ऑपरेशननंतर आहे हे विसरू नका. पहिले काही आठवडे चोवीस तास कोणीतरी लागतं, आठवड्यातून दोन-तीनदा रक्त, ठरल्या वेळी गोळ्या. भावाने अमेरिकेतल्या कौटुंबिक रजेच्या कायद्याचा विचार करावा. ५० किंवा जास्त माणसांची कंपनी असेल आणि वर्षभराची नोकरी झाली असेल तर आईसाठी १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी जात नाही. पण हा कायदा सासू-सासऱ्यांना लागू नाही, म्हणजे वहिनींना त्याखाली रजा मिळणार नाही. पुष्कळ घरांत हे ऐनवेळी कळतं आणि नणंद-भावजयीत कडवटपणा येतो. त्यामुळे माझं मत असं: भावाने ते १२ आठवडे आता उडवू नयेत, ऑपरेशनच्या दिवसापासून घ्यावेत. वाट बघण्याचा काळ तुम्ही धरा. स्कोअर २२ म्हणजे फोन कधीही येऊ शकतो, म्हणून परीक्षा संपेपर्यंत थांबू नका, पण परीक्षेच्या दिवसांत दोन-तीन आठवडे मावशी किंवा दुसरं कोणी तुमच्या जागी येऊ शकेल का ते आजच बोला. मुलाला खरं सांगा. दहावीतल्या मुलाला सगळं समजतं, अर्धवट सांगितलेलं जास्त टोचतं.

निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना काढा, वर्षभर चालतो. तिथे गाडी न चालवणारा माणूस सांभाळणारा म्हणून अर्धाच धरतात. राज्याचा नियम आणि गाडीचा विमा भावाने तपासावा, आणि पहिल्या आठवड्यातच रुग्णालयाचा रस्ता दोनदा चालवून बघा, एकदा रात्री. आईचे जुने कागद न्या: छातीचे एक्स-रे, कधी क्षयाची औषधं घेतली असतील तर ती फाइल, हेपटायटिस बीची लस. भारतातून आलेल्या पेशंटमध्ये ते दडलेला क्षय आवर्जून शोधतात. तुमचा स्वतःचा विमा घ्या आणि फ्लूची लस घ्या. तुम्ही आजारी पडलात तर आईच्या खोलीत जाता येणार नाही.

उरला नातेवाईकांचा प्रश्न. ते चुकीचं बोलत नाहीत. आपल्याकडे बहुतेक वेळा जिवंत नातेवाईकच आपल्या लिव्हरचा भाग देतात, तिथे बहुतेक लिव्हर मृत दात्यांकडून मिळतात, म्हणून त्यांना ते थांबणं विचित्र वाटतं. आई भारतीय नागरिक आहे, १९९४ च्या कायद्याने मुलगी जवळची नातेवाईक आहे, आणि विदर्भासाठी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रही आहे. पण पोटात पाणी आणि गुंगी असलेल्या पेशंटला वीस-बावीस तासांच्या प्रवासात घालायचं की नाही हे तिथले डॉक्टरच सांगतील, आणि एकदा निघालात की तिथली यादी सुटल्यात जमा. दाता व्हायचंच असेल तर तपासणी तिथेही होऊ शकते. दात्यासाठी वेगळा वकिलासारखा माणूस नेमतात, जो फक्त तुमच्या हिताचं बघतो. त्याच्याशी एकट्याने बोला. त्याआधी दोन गोष्टी इथेच करून घ्या: पोटाची सोनोग्राफी, कारण फॅटी लिव्हर घराण्यात असतं, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, कारण आपल्या विदर्भात तो पुष्कळ आढळतो आणि अनेकांना स्वतःला असल्याचं माहीत नसतं. आणि एवढा विचार करा की तुम्हीही पलंगावर असाल, तर दोन पेशंट आणि सांभाळणारा एकटा भाऊ. त्या दिवसांत तिसरं माणूस कोण, हे नावानिशी ठरल्याशिवाय हो म्हणू नका.

सोनोग्राफी आणि सिकलसेलचे रिपोर्ट आले की माझ्याकडे घेऊन या, आईच्या शेवटच्या रक्ततपासणीचा कागदही भावाकडून मागवून ठेवा. तारखांचं कॅलेंडर आपण बसून भरू.